सोलापूर जिल्ह्यातील दुष्काळ आणि शेतकरी कुटुंबांना मदत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर शहरातून आम्ही काही जण गेली अनेक वर्षे दुष्काळी गावांतील शेतकरी कुटुंबांपर्यंत धान्य, चारा आणि बियाणे पोहोचवतो. आमच्याकडे येणारे प्रश्न दोन बाजूंचे असतात. काही मदत करू इच्छिणाऱ्यांचे, तर काही प्रत्यक्ष गावांतून आलेले. दोन्ही येथे एकत्र घेतले आहेत. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यात आले असेल, तर तेथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. दुष्काळ पडला असे नेमके कधी समजायचे? शासनाने जाहीर करेपर्यंत थांबावे का?

थांबू नये. सोलापूर हा परंपरेने रब्बीचा जिल्हा आहे. वर्षाचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास असून शाळूच्या पेरणीला लागणारी ओल उत्तरा आणि हस्त नक्षत्रांच्या पावसावर अवलंबून असते. तो पाऊस हुकला की फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात येणारी ज्वारी आणि जनावरांचा वर्षभराचा कडबा, दोन्ही एकदमच जातात. त्यामुळे येणारे वर्ष कसे जाणार, हे ऑक्टोबरअखेरीसच गावाला कळलेले असते.

शासनाची घोषणा पाऊस, भूजल, जमिनीतील ओल आणि पिकांची स्थिती या निकषांवर होते. २०१८ मध्ये ३१ ऑक्टोबरला राज्यातील १५१ तालुक्यांत, तर २०२३ मध्ये ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. घोषणेनंतर जमीन महसुलात सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, कृषिपंपांच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काची माफी, टँकर यांसारख्या सवलती लागू होतात. त्या मोलाच्या आहेत, परंतु त्यांपैकी एकही सवलत थेट चुलीपर्यंत येत नाही. शासन पिकाचा अंदाज पैसेवारीपत्रकातून काढते; आमच्या अनुभवात बाजार आणि घर हेच खरे पैसेवारीपत्रक आहे. सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात गाभण गाई पडत्या भावाने विकायला येऊ लागल्या, बायकांच्या गळ्यातील डोरले गहाण पडू लागले आणि दहावीतील मुलगी शाळेत येईनाशी झाली, म्हणजे आपण आधीच उशीर केलेला असतो.

२. उजनीसारखे धरण असताना सोलापूर जिल्ह्यात अशी वेळ का येते?

उजनीची एकूण साठवण क्षमता ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) असली, तरी त्यातील उपयुक्त साठा सुमारे ५३ टीएमसी आहे; उरलेला मृतसाठा, म्हणजे एरवी वापरासाठी न धरलेले तळाचे पाणी. पाऊस कमी झाला की पाणी या मृतसाठ्यात उतरते आणि मग वर्तमानपत्रांत ‘उणे’ टक्केवारी छापून येऊ लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात हा साठा उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेला होता. शिवाय धरणाचे पाणी कालव्याच्या उतारानेच जाते. त्यामुळे कालव्याखालच्या शिवारात ऊस उभा दिसतो, आणि मंगळवेढ्याचा दक्षिण भाग, सांगोला, अक्कलकोट, बार्शी या तालुक्यांतील अनेक गावे पावसावर किंवा आटत चाललेल्या बोअरवर जगतात. जिल्ह्यातून जाणाऱ्या माणसाला रस्त्यावरून हिरवा ऊस दिसतो आणि त्याला दुष्काळाची शंका येते. ती शंका घेऊन आलेल्यांना आम्ही कालव्यापासून चार मैल वर घेऊन जातो.

३. आता रेशन मोफत मिळते. मग धान्याची मदत कशासाठी?

हा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तर हिशोबाने देतो. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते, म्हणजे पाच माणसांना २५ किलो. शेतात राबणाऱ्या आणि मुख्यतः भाकरीवर जगणाऱ्या माणसाला महिन्याला साधारण १२ किलो धान्य लागते. पाच माणसांचे ६० किलो झाले. उरलेले ३५ किलो चांगल्या वर्षी स्वतःच्या कणगीतून येते. दुष्काळात कणगी रिकामी असते, आणि नेमके त्याच वर्षी ज्वारीचा भाव चढलेला असतो. अंत्योदय कुटुंबाला माणसे किती हे न पाहता ३५ किलो मिळते. मोठ्या कुटुंबाला तेही अपुरे पडते.

दुसरी अडचण केशरी शिधापत्रिकेची. प्राधान्य यादीबाहेरील केशरी कार्डधारक शेतकऱ्यांसाठी २०१५ मध्ये जी विशेष योजना आली, ती मराठवाडा आणि विदर्भातील १४ जिल्ह्यांपुरती होती. सोलापूर त्यांत नव्हता. त्यामुळे शिवेपलीकडील धाराशिव जिल्ह्यातील शेतकऱ्याला जे मिळाले, ते तेवढेच कोरडे रान कसणाऱ्या बार्शीच्या शेतकऱ्याला मिळाले नाही. अशी कुटुंबे कोणत्याच यादीत दिसत नाहीत.

उपासमार म्हणजे अन्नावाचून मृत्यू, एवढाच अर्थ घेतला तर ती आज दिसणार नाही. मंगळवेढा तालुक्यातील एका घरात आम्ही दुपारी गेलो, तेव्हा बाईंनी आम्हाला आग्रहाने गुळाचा चहा दिला. त्यांच्यामागे फळीवर एका ओळीत घासून लख्ख केलेले पितळी डबे मांडलेले होते. त्यांच्या लहान मुलीने खेळता खेळता एक डबा उचलला आणि तो इतक्या सहज उचलला गेला की आम्ही सगळेच गप्प झालो. त्या घरात दोन्ही वेळा चूल पेटत होती. सासऱ्यांना आणि मुलांना भाकरी मिळत होती. बाईंच्या वाट्याला रात्री काय येत होते, ते आम्ही विचारले नाही.

४. धान्य द्यावे की रोख रक्कम?

गावाजवळ बाजार चालू असेल आणि भाव स्थिर असतील, तर रोख रक्कम चांगली, कारण घराची खरी गरज घरालाच ठाऊक असते. कोणाला औषध हवे असते, कोणाला मुलाच्या वसतिगृहाचे पैसे भरायचे असतात. बाजार लांब असेल किंवा भाव झपाट्याने चढत असतील, तर धान्य द्यावे.

रोख देताना एक गोष्ट आवर्जून तपासावी. ज्या बँक खात्याला थकीत पीककर्ज जोडलेले आहे, त्यात जमा झालेली मदत कर्जापोटी वळती होण्याचा किंवा अडकून पडण्याचा धोका असतो. आम्ही एकदा ही चौकशी न करता पैसे पाठवले आणि तीन कुटुंबांना त्यातील रुपयाही हाती लागला नाही. चूक आमची होती. तेव्हापासून आम्ही शक्यतो घरातील स्त्रीच्या, कर्ज नसलेल्या खात्यावर रक्कम पाठवतो.

५. धान्याच्या संचात काय काय असावे?

मुख्य धान्य ज्वारीच असावे. तांदूळ आणि मैद्याचे पदार्थ पाठवणे सोपे असते, परंतु येथील माणसाचे पोट भाकरीने भरते. पाच माणसांच्या कुटुंबाला महिन्यासाठी ३५ किलो ज्वारी, ४ किलो तूरडाळ, ३ ते ४ किलो तेल, २ किलो गूळ, २ किलो शेंगदाणे, मीठ, तिखट, चहापूड, अंगाचा व कपड्यांचा साबण आणि सॅनिटरी पॅड एवढे आम्ही देतो. सोबत दळणाचे पैसे रोख द्यावेत. ज्वारी देऊन गिरणीचे पैसे न देणे ही अगदी नेहमी होणारी चूक आहे.

जनावरांसोबत चारा छावणीत राहणाऱ्या (प्रश्न ९) किंवा कामासाठी परगावी जाणाऱ्या माणसासाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी यांच्यासारखी शिदोरी नाही. नीट भाजून वाळवलेली कडक भाकरी पुष्कळ दिवस टिकते. शिवाय ती गावातील किंवा शहरातील बचत गटाच्या बायकांकडून विकत घेतली, तर मदतीचा पैसा आणखी चार घरांत जातो. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामांवर मजुरांना सुकडी वाटली जात असे. आमच्या घरांतील वडीलधाऱ्यांना तिची चव अजून आठवते. पौष्टिक, शिजवावे न लागणारे असे काहीतरी लहान मुलांसाठी आजही द्यावे. शेंगदाणा-गुळाचे लाडू त्यासाठी उत्तम.

६. आमच्याकडे जुने कपडे पुष्कळ आहेत. ते पाठवू का?

कृपया पाठवू नका. चांगल्या स्थितीतील चादरी थंडीत उपयोगी पडतात. वापरलेले कपडे नाहीत.

७. मदतीसाठी कुटुंबांची निवड कशी करता?

फक्त गावपुढाऱ्याने दिलेल्या यादीवरून करत नाही, आणि फक्त सातबाऱ्यावरूनही करत नाही. अंगणवाडी सेविका, आशा ताई आणि शाळेतील शिक्षक या तिघांना स्वतंत्रपणे विचारतो. तिघांच्या तोंडी जी नावे येतात, तेथून सुरुवात करतो आणि मग घरी जातो. एकट्या स्त्रिया, वृद्ध जोडपी, अपंग व्यक्ती असलेली घरे आणि गेल्या वर्षभरात बैल किंवा दुभते जनावर विकावे लागलेली घरे आधी घेतो. जमीन किती, हा प्रश्न आम्ही शेवटी विचारतो. दहा एकर कोरडवाहू असलेला शेतकरी दुष्काळात एक एकर बागायतदारापेक्षा अधिक अडचणीत असू शकतो, आणि मोठ्या खातेदाराला हात पसरण्याची लाज अधिक वाटते. त्याचे नाव बहुतेक वेळा शेजाऱ्याकडूनच कळते.

८. माझ्या नावावर सातबारा नाही. मी दुसऱ्याची जमीन वाट्याने करतो. मला मदत मिळेल का?

आमच्याकडून मिळेल. शासकीय नुकसानभरपाई साधारणपणे खातेदाराच्या नावे येते, त्यामुळे वाटेकऱ्याने बियाणे-खताचा खर्च करूनही भरपाई मालकाला मिळते, असे वारंवार घडते. खासगी मदतीने हीच पोकळी भरायची असते. पतीच्या निधनानंतर वारसनोंद न झालेल्या स्त्रिया, भावकीत जमीन अडकलेले शेतकरी, शेतमजूर आणि मेंढरे घेऊन फिरणारी धनगर कुटुंबे यांनाही हेच उत्तर लागू आहे. वारसनोंदीसाठी तलाठी कार्यालयात अर्ज करताना कागदपत्रे जमवायला आमचे कार्यकर्ते सोबत येतात. ही मदत धान्यापेक्षा कमी नाही.

९. जनावरांसाठी मदत करावी का? माणसांचेच भागत नाही तर...

करावी, आणि लवकर करावी. बैलजोडी विकली की पुढच्या पेरणीला भाड्याची जोडी किंवा ट्रॅक्टर आला. दुभती गाय विकली की रोजच्या दुधाचे ताजे पैसे गेले. दुष्काळात मातीमोल भावाने विकलेले जनावर पुढच्या वर्षी दुपटीने पैसे देऊनही तसे मिळत नाही. माणसाची पुढची भूक टाळायची असेल, तर आज जनावर वाचवावे लागते.

मोठ्या जनावराला दिवसाला साधारण १५ ते २० किलो हिरवा चारा आणि काही किलो सुका चारा लागतो. २०१२-१३ आणि २०१८-१९ मध्ये सांगोला, मंगळवेढा भागात मोठ्या प्रमाणावर चारा छावण्या चालल्या. छावणीचा एक खर्च कोणी मोजत नाही: जनावरांसोबत घरातील एक माणूस महिनोन्‌महिने तेथेच राहतो. आम्ही पाहिलेल्या एका छावणीत एक आजोबा गाईच्या दाव्याचे टोक स्वतःच्या मनगटाला बांधून झोपत, कारण रात्री ती सुटून दुसऱ्याच्या वैरणीत गेली तर भांडण होईल, अशी त्यांना काळजी वाटे. अशा माणसाचे जेवण, त्याची औषधे आणि छावणीतील रात्रीचा दिवा, हे दात्यांनी उचलावे असे खर्च आहेत. शेळ्या-मेंढ्या बहुतेक वेळा छावणीच्या नियमांत बसत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी तरतूद ठेवावी.

चारा देताना दोन गोष्टींची काळजी घ्यावी. उसाचे वाढे (शेंड्याकडचा हिरवा पाला) सहज मिळते, पण सतत तेच खाऊ घातले तर त्यातील ऑक्झॅलेटमुळे जनावराच्या शरीरातील कॅल्शियम कमी होते. सोबत कडबा आणि खनिज मिश्रण द्यावे. पाण्याअभावी खुरटलेली कोवळी ज्वारी किंवा कापलेल्या ज्वारीचे नवे फुटवे मात्र जनावराला कधीही खाऊ घालू नयेत. त्यांतील विषारी द्रव्यामुळे जनावर काही वेळातच दगावू शकते.

१०. बियाण्याची मदत कधी आणि कशी द्यावी?

रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या सुमारास होते, म्हणून बियाणे ऑगस्टअखेर घरात पोहोचले पाहिजे. हेक्टरी १० किलो, म्हणजे एकरी साधारण ४ किलो बियाणे पुरते. खर्च थोडा आणि उपयोग मोठा, अशी दुसरी मदत आम्हाला ठाऊक नाही. भारी जमिनीत आणि हलक्या जमिनीत वेगवेगळे वाण चालतात, त्यामुळे सर्वांना एकच पिशवी देऊ नये. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि तेथील शेतकऱ्याला तेच वाण हवे असते. त्याला दुसरे घेण्याचा आग्रह करू नये. काणी रोग टाळण्यासाठी बियाण्याला किलोमागे ४ ग्रॅम गंधक चोळावे. ते पिशवीसोबतच द्यावे.

कित्येक घरांत खायची ज्वारी संपली, तरी बियाण्याची ज्वारी राखेत घालून गाडग्यात जपून ठेवलेली असते. ते गाडगे फोडायची वेळ घरावर येऊ नये, यासाठी आधी प्रश्न ५ मधील धान्य पोहोचले पाहिजे. हा क्रम उलटा करू नका.

११. पाण्यासाठी टँकर देऊ का?

टंचाईच्या काळात शासकीय टँकरने माणशी दिवसाला २० लिटर पाणी धरले जाते. त्यात जनावरे नसतात. त्यामुळे जनावरांच्या पाण्यासाठी टँकर, वस्तीवर साठवणुकीची टाकी आणि टाकीवर झाकण, एवढी मदत उपयोगी आहे. कायमच्या कामासाठी गाळ काढणे, बांधबंदिस्ती आणि पाझर तलावांची दुरुस्ती यांवर पैसा लावावा. नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी २०१५ मध्ये सुरू केलेले ‘नाम फाउंडेशन’ आणि २०१६ मध्ये सुरू झालेले ‘पानी फाउंडेशन’ यांचे काम याच दिशेचे आहे. नवीन बोअर घेऊन देण्याच्या विनंत्या मात्र आम्ही नाकारतो. एकाची बोअर खोल गेली की शेजाऱ्याची आटते.

१२. तुमची मदत घेतली तर माझे रेशन किंवा शासकीय अनुदान बंद होईल का?

नाही. दानरूपाने मिळालेले धान्य किंवा चारा घेतल्याने शिधापत्रिकेवर किंवा नुकसानभरपाईवर परिणाम होत नाही. फक्त शासकीय छावणीत दाखल असलेल्या जनावराच्या नावे दुसऱ्या ठिकाणीही चारा घेऊ नये.

१३. घरातील कर्त्या माणसाने आत्महत्या केली, पण प्रकरण ‘अपात्र’ ठरले. आता काय करावे?

शासनाकडून पात्र प्रकरणी १ लाख रुपये मिळतात. त्यांपैकी ३० हजार रोख आणि ७० हजार वारसाच्या नावे ठेव म्हणून. जमीन कुटुंबाच्या नावावर नसणे, किंवा कर्ज बँकेचे अथवा परवानाधारक सावकाराचे नसून हातउसने असणे, अशा कारणांनी अनेक प्रकरणे नाकारली जातात. निर्णयाची लेखी प्रत मागावी आणि नवीन पुरावा असल्यास जिल्हाधिकारी कार्यालयात फेरविचाराचा अर्ज द्यावा. आमच्या मदतीसाठी पात्र-अपात्र हा शब्द नाही. अशा घराला आम्ही किमान पुढचे पीक हाती येईपर्यंत धान्य आणि मुलांचा शाळेचा खर्च देतो.

घरातील कोणी अबोल झाले असेल, झोपत नसेल, निरवानिरवीची भाषा करत असेल, तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नका. ‘टेली मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आणि मराठीतही बोलता येते.

१४. मदतीच्या पैशातून सावकाराचे कर्ज फेडले तर चालेल का?

मिळालेली रक्कम कशी वापरावी हे आम्ही ठरवत नाही, परंतु आधी आमच्याशी बोलावे ही विनंती आहे. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमानुसार विनापरवाना सावकारी गुन्हा आहे, आणि सावकारीच्या व्यवहारात गेलेली जमीन परत मिळवण्यासाठी १५ वर्षांच्या आतील व्यवहाराबाबत सहकार विभागाच्या निबंधकाकडे अर्ज करता येतो. असा मार्ग उपलब्ध असताना घरातील शेवटचे पैसे बेकायदा व्याजात घालू नयेत.

१५. संस्था विश्वासार्ह आहे हे दात्याने कसे ओळखावे?

धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडील नोंदणी क्रमांक, लेखापरीक्षण अहवाल आणि मदत मिळालेल्या गावांची नावे मागावीत. मागितल्यावर जी संस्था नाराज होते, तिला देऊ नये. ‘८०-जी’ म्हणून ओळखली जाणारी, दानावरील आयकराची सवलत हवी असल्यास दान चेक, यूपीआय किंवा बँकेद्वारे करावे. २००० रुपयांवरील रोख दानाला आणि वस्तुरूप दानाला ती मिळत नाही, आणि नवीन करप्रणाली निवडलेल्यांनाही मिळत नाही. पावती मात्र प्रत्येक वेळी घ्यावी. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाहाची धान्यकोठारे रयतेला खुली केली, त्या कथेतसुद्धा विठू महार धान्याचे मोल चुकते करून पावती घेतल्याशिवाय दरबारातून निघत नाही.

१६. आमच्या मंडळाने गड्ड्याच्या यात्रेत (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत) वर्गणी जमवली तर?

नोंदणी नसलेल्या मंडळाने परस्पर वर्गणी गोळा करू नये. आधी धर्मादाय कार्यालयात जाऊन आवश्यक ती परवानगी घ्यावी, किंवा नोंदणीकृत संस्थेच्या पावतीपुस्तकावर तिच्या वतीने जमवावी.

१७. मी परदेशात राहतो. तेथून पैसे पाठवू शकतो का?

तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल, तर तुम्ही स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले दान परदेशी देणगी मानले जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतले असेल, तर ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचे) कार्ड असले तरी ती परदेशी देणगी ठरते. ती फक्त एफसीआरए (परदेशी देणग्यांचे नियमन करणारा कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेला आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील तिच्या खात्यावरच देता येते. आमच्याकडे ही नोंदणी नाही. गावातील नातेवाइकाच्या खात्यावर पाठवून ‘वाटून टाका’ असे सांगण्याचा आडमार्ग कृपया घेऊ नये; त्याने तो नातेवाईक अडचणीत येतो.

१८. मदत देतानाचे फोटो मिळतील का?

धान्याचे, गाडीचे, चाऱ्याच्या गंजीचे मिळतील. हातात पिशवी घेतलेल्या माणसांचे मिळणार नाहीत. त्या घरात उद्या सोयरीक जुळवायची असते, आणि पाहुण्यांच्या मोबाइलमध्ये तो फोटो आधीच पोहोचलेला असतो. मोठ्या देणगीदारांनी यावरून देणगी मागे घेतल्याचे प्रसंग आले आहेत, तरीही हा नियम बदललेला नाही.

१९. यंदा चांगला पाऊस झाला. आता मदत थांबवायची ना?

बहुतेक देणग्या पहिल्या पावसाबरोबर थांबतात, आणि सर्वांत अवघड महिने तेव्हाच सुरू होतात. जूनमध्ये पाऊस पडला, तरी शाळू घरात यायला फेब्रुवारी उजाडतो. मधल्या आठ महिन्यांत पेरणीचा खर्च असतो, छावण्या बंद झालेल्या असतात, टँकर थांबलेले असतात आणि उसनवारीचे तगादे सुरू झालेले असतात. खरिपाचे थोडे उडीद-मूग झालेल्या घरांची मदत आम्ही दिवाळीपर्यंत निम्मी करतो. केवळ रब्बीवर असलेल्या घरांची पूर्ण चालू ठेवतो. काढणी होऊन ज्वारीचे पहिले पोते कणगीत पडले, असा निरोप त्या घरातून आला की तेथे जाणारी गाडी पुढच्या गावाकडे वळवतो.